नाट्यगृह, मैफल आणि नान-खलिया : छत्रपती संभाजीनगरची संध्याकाळ

अजिंठा आणि वेरूळ या दोन नावांनी छत्रपती संभाजीनगर जगाच्या नकाशावर आले. १९८३ साली ही दोन्ही लेणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली आणि देशोदेशीच्या प्रवाशांची पावले मराठवाड्याकडे वळली. परंतु या कीर्तीची एक उणी बाजूही आहे. प्रवासी भल्या सकाळी शहराबाहेर पडतो, दिवसभर लेणी पाहतो, वाटेत दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा उरकतो आणि रात्री थकून निवासस्थानी परततो. शहर त्याच्या लेखी केवळ मुक्कामाची जागा उरते. शैक्षणिक सहलीस आलेल्या शाळांचेही बहुधा असेच होते. जिल्हा परिषदेच्या, विभागीय आयुक्त कार्यालयाच्या किंवा खंडपीठाच्या कामासाठी आलेले ग्रामस्थ तर कामाच्या चिंतेत येतात आणि शेवटची एस. टी. गाठण्याच्या घाईत परततात.

वास्तविक या नगरीचा स्वभाव उमगतो तो सूर्यास्तानंतर. नाट्यगृहाची तिसरी घंटा, मुशायऱ्यातील दाद, साहित्य परिषदेच्या सभागृहातील चर्चा, भट्टीतून निघणारी पिवळी नान आणि गुलमंडीवरील गर्दी या साऱ्यांचा मिळून एक सलग व्यवहार आहे. तो केवळ करमणुकीचा नाही. त्यावर शेकडो कलावंतांची, आचाऱ्यांची आणि हातगाडीवाल्यांची उपजीविका अवलंबून आहे. आणि हा व्यवहार टिकतो तो भव्य योजनांपेक्षा अगदी साध्या गोष्टींवर : वेळेवर झालेली दुरुस्ती, पुरेसे पाणी, दिवाबत्ती आणि स्वच्छता. या लेखात विचार करावयाचा आहे तो मुख्यतः याच बाजूचा.

पाणी, पीठ आणि पाहुणा

खडकी नावाच्या लहानशा गावाच्या जागी १६१० साली मलिक अंबरने नगर वसविले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला जाऊन आलेला हा पुरुष अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना त्याने वर्षानुवर्षे झुंजविले आणि त्या धामधुमीतही शहराच्या पाण्याची काळजी वाहिली. १६१७-१८ च्या सुमारास त्याने बांधविलेली 'नहर-ए-अंबरी' ही उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे पाणी भूमिगत मार्गाने, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणीत असे. मलिक अंबरच्या मृत्यूनंतर, म्हणजे १६२६ नंतर, त्याचा पुत्र फत्तेखान याने गावास फतेहनगर म्हटले. १६५३ साली दख्खनचा सुभेदार म्हणून औरंगजेब येथे दुसऱ्यांदा आला, तेव्हापासून औरंगाबाद हे नाव पडले. २०२३ पासून शहराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर असे झाले आहे. नावे बदलली, राजवटी बदलल्या. पाण्याचा प्रश्न मात्र प्रत्येक राजवटीला सोडवावा लागला.

पाणी, अन्न आणि पाहुणचार यांचे नाते जेथे आजही डोळ्यांनी पाहता येते असे ठिकाण म्हणजे खाम नदीकाठची पाणचक्की. सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. डोंगराकडील झऱ्याचे पाणी बंदिस्त नळाने येथवर येते, उंच भिंतीवर चढते आणि तेथून धारेने हौदात पडते. या पाण्याच्या दाबावर लोखंडी पात्यांचे आडवे चाक फिरते आणि त्याच्या आसावर बसविलेले जाते धान्य दळते. येथे निघणारे पीठ दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी असे. हौदाच्या खालीच एक विस्तीर्ण दालन आहे. डोईवर पाणी असल्यामुळे भर उन्हाळ्यातही तेथे गारवा असतो. याच आवारात ग्रंथालयही होते. एकाच भिंतीच्या आत जाते, ग्रंथ आणि पाहुण्यांची विसाव्याची जागा! आज ज्यास सांस्कृतिक संकुल असे भारदस्त नाव दिले जाते, त्याची कल्पना या नगरीस नवीन नव्हती. सहलीतील विद्यार्थ्यांना शिक्षकांनी येथे केवळ छायाचित्रांपुरते थांबवू नये. उताराचा, दाबाचा आणि चक्राचा पाठ प्रत्यक्ष दाखविण्यास याहून सोयीची जागा जवळपास नाही.

भट्टीची नान

या शहराचा म्हणून ज्याचा उल्लेख प्रथम करावा असा पदार्थ म्हणजे नान-खलिया. त्याची उत्पत्ती लोक थेट मुहंमद तुघलकाशी जोडतात. १३२७ साली त्याने राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलविली. त्या प्रचंड तांड्याला आणि सैन्याला एकाच वेळी, थोड्या साधनांत जेवू घालण्यासाठी ही जोडी निघाली, अशी लोकस्मृती आहे. पदार्थाची घडण पाहिली तर ही स्मृती निराधार वाटत नाही. नान मोठ्या भट्टीत एका घाणीला पुष्कळ निघतात, त्या काही काळ टिकतात आणि हातात धरून खाता येतात. खलिया हा पातळ, लाल तर्रीचा मटणाचा रस्सा एकाच प्रचंड देगेत शेकडो माणसांसाठी शिजतो. ताट, वाटी, पोळपाट यांचा पसारा लागत नाही.

नानचे पीठ फुगवून, गोळे थापून, वरून हळदीचा हात फिरवून ते भट्टीच्या तापलेल्या भिंतीस लावले जाते. त्यामुळे नानला तो ओळखीचा पिवळा रंग येतो. भट्टीच्या तोंडाशी वाकून, हात आत घालून नान लावणे आणि नेमक्या क्षणी सळईने काढणे हे काम वर्षानुवर्षांच्या सरावाचे आहे. भटारी मंडळींची ही विद्या बापाकडून मुलाकडे जाते. तिची शाळा नाही आणि प्रमाणपत्रही नाही. लग्नकार्यात नान-खलियाची दावत असली की दस्तरखान अंथरून पाहुणे एका ओळीत बसतात. जुन्या शहरातील शहागंज, बुढी लेन, रोशन गेट या भागांत तो विकतही मिळतो. रमजानच्या महिन्यात तर या भागात रात्र दिवसासारखी होते.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. खलियाचा लाल रंग ज्या मिरचीमुळे येतो ती मिरची तुघलकाच्या काळी हिंदुस्थानात नव्हतीच. ती मूळची मेक्सिकोकडील. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्यास लागली. तेव्हा तुघलकाच्या सैनिकांनी खलिया खाल्ला असलाच तर तो मिऱ्याच्या तिखटाचा असला पाहिजे. मराठवाड्याच्या ठेच्यालाही हाच न्याय लावावा लागेल, मग ठेच्याच्या अभिमान्यांना ते कितीही जड जावो! पदार्थ परंपरेने येतात याचा अर्थ ते बदलत नाहीत असा नव्हे.

नान-खलिया ही शहराची एक बाजू झाली. गुलमंडी, सराफा, औरंगपुरा या व्यापारपेठेच्या भागात मारवाडी व गुजराती कुटुंबांच्या वस्तीमुळे कचोरी, मिठाई आणि शाकाहारी थाळी यांची परंपरा रुजली. येथील इमरतीची कीर्ती जिल्ह्याबाहेर आहे. इमरती आणि जिलेबी यांस एकच समजण्याची चूक बाहेरचे लोक करतात. जिलेबी आंबविलेल्या मैद्याची, तर इमरती उडदाच्या डाळीची असते आणि तिची नक्षी पडते ती आचाऱ्याच्या मनगटामुळे. सकाळच्या न्याहारीस जुन्या शहरात तहारी हा पिवळा मसालेभात, तर इतरत्र मराठवाड्याची सुशीला आणि धपाटे. ज्वारीची भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी हे जेवण आता महामार्गालगतच्या मोठ्या भोजनालयांतही मानाने वाढले जाते. एकेकाळी ते पाहुण्यापुढे ठेवावयास यजमान संकोचत असे.

परंतु खाद्यसंस्कृतीचा विचार करताना एका जागेचा विसर पडू देणे योग्य होणार नाही. ती जागा म्हणजे खानावळ. बीड, परभणी, नांदेड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतील हजारो मुले-मुली शिक्षणासाठी आणि स्पर्धा परीक्षांसाठी येथे येतात. औरंगपुरा व खडकेश्वर परिसरात आणि विद्यापीठाच्या वाटेवर त्यांच्या खानावळी आहेत. दुष्काळाच्या वर्षी गावाकडून पैसे उशिरा आले तरी डबा बंद न करणारे खानावळचालक या शहराने पाहिले आहेत. मराठवाड्यातील कित्येक अधिकारी, प्राध्यापक आणि लेखक याच ताटांवर वाढले, याची नोंद कोणत्याही पर्यटन-पुस्तिकेत आढळणार नाही.

बंदीच्या काळातील सभा

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात चार माणसांनी उघडपणे एकत्र जमणे ही साधी गोष्ट नव्हती. १९२९ च्या सुमारास निघालेल्या कुप्रसिद्ध गश्ती क्रमांक ५३ अन्वये सार्वजनिक सभांसाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागे. अशा काळात वाचनालये, गणेशोत्सवातील मेळे आणि मराठी शाळा हीच जागृतीची स्थाने बनली. १९१५ साली स्थापन झालेली सरस्वती भुवन शिक्षण संस्था ही त्यांपैकी अग्रणी होय. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते गोविंदभाई श्रॉफ यांचे या संस्थेशी दीर्घकाळ नाते राहिले. १९४३ साली नांदेड येथे साहित्य संमेलन भरले व त्यातून आजच्या मराठवाडा साहित्य परिषदेची उभारणी झाली. छत्रपती संभाजीनगर येथील परिषदेच्या वास्तूतील सभागृहास डॉ. ना. गो. नांदापूरकर यांचे नाव आहे, आणि तिचे 'प्रतिष्ठान' हे नियतकालिक मराठवाड्यातील लेखकांचे हक्काचे व्यासपीठ ठरले आहे. १९५७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अनंत काणेकर यांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरले.

मराठीच्या बरोबरीने येथे उर्दूचा प्रवाह अखंड वाहिला आहे. उर्दू गझलेच्या आद्य कवींपैकी वली याचा संबंध या शहराशी आहे. त्याचा काव्यसंग्रह अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्लीस पोहोचला आणि फारसीत लिहिणाऱ्या तेथील कवींना आपल्या बोलीत लिहिण्याचे धैर्य आले. त्यानंतरचा सिराज औरंगाबादी हाही येथलाच. विसाव्या शतकात 'बाबा-ए-उर्दू' मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा कारभार अनेक वर्षे येथूनच चालविला. सिकंदर अली वज्द, काझी सलीम, बशर नवाज ही अलीकडील नावे. मुशायऱ्याची बैठक रात्री उशिरा रंगते आणि श्रोता पहाटे चहाच्या टपरीवर शेर घोळवीत बसतो. अशा टपऱ्याही मैफलीचाच एक भाग समजल्या पाहिजेत.

१९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. नागसेनवनाच्या त्या माळावर केवळ वर्ग भरले नाहीत. वसतिगृह उभे राहिले, भोजनगृह चालले आणि रंगमंचही उभा राहिला. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक याच परिसरातील विद्यार्थ्यांनी सादर केले आणि दलित रंगभूमीच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान मिळाले. गावात ज्या मुलांना पाणवठ्यावर व पंगतीत वेगळे ठेवले जाई, ती मुले येथे एका ओळीत बसून जेवत आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमीस उभी राहत. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध ज्यांनी अनुभवला, त्यांच्यातूनच पुढे लेखकांची एक पिढी निघाली. डॉ. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' हे नियतकालिक याच शहरातून निघत असे.

तिसरी घंटा

शहरातील नाट्यगृहांपैकी उस्मानपुऱ्यातील संत एकनाथ रंगमंदिर आणि सिडकोतील संत तुकाराम नाट्यगृह ही महानगरपालिकेच्या अखत्यारीत आहेत. निराला बाजारातील तापडिया नाट्यमंदिर हे खासगी व्यवस्थेतील. नाथांचे नाव रंगमंदिरास देण्यात विशेष औचित्य आहे. येथून सुमारे ५० किलोमीटरवरील पैठणच्या या संताने भारुडांतून जे उभे केले ते एका अर्थाने मराठीचे लोकनाट्यच होय. आणि श्राद्धासाठी रांधलेले अन्न दाराशी आलेल्या भुकेल्या अस्पृश्यांना प्रथम वाढणारे नाथ मराठवाड्याच्या आठवणीत आजही जिवंत आहेत.

१९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाने, म्हणजे आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने, १९७३ साली नाट्यशास्त्र विभाग सुरू केला. डॉ. कमलाकर सोनटक्के यांनी आरंभीच्या काळात त्यास आकार दिला. ग्रामीण भागातून आलेल्या, नाट्यगृहाची पायरीही न चढलेल्या मुलांना प्रकाशयोजना, नेपथ्य, आवाजाची फेक यांचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळू लागले. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचा 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग १९७९ च्या सुमारास येथेच जन्मला. एकटा माणूस ५२ पात्रे उभी करतो आणि तीही मराठवाडी बोलीत, हे पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांना नवीन होते. पुढे त्याची नोंद गिनीज बुकात झाली. 'जिगीषा' या संस्थेतून घडलेले चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी हेही येथलेच. त्यांना आपले कार्य पुढे मुंबईस न्यावे लागले. मुंबईचा लाभ झाला हे खरे. परंतु शहर कलावंत घडविते आणि त्यास ठेवून घेऊ शकत नाही, ही खंत रास्त आहे.

हे असे का होते, याचे उत्तर अंशतः नाट्यगृहाच्या व्यवस्थेत शोधावे लागते. व्यावसायिक नाटकाचा दौरा कसा चालतो हे पाहिल्यास मुद्दा स्पष्ट होईल. पुण्याहून किंवा मुंबईहून निघालेली नाटकाची बस आणि नेपथ्याचा ट्रक सकाळी दाखल होतात. दुपारपर्यंत नेपथ्य उभे राहते, दिवे बांधले जातात, ध्वनिव्यवस्था तपासली जाते. रात्री प्रयोग संपताच सारे उतरवून पुढील गावास निघावयाचे असते. या बारा-चौदा तासांत रंगपटात पाणी नसेल, पडदा अडकत असेल, वातानुकूलन बंद पडले असेल किंवा खुर्च्या मोडक्या असतील, तर संस्था पुढच्या वेळी हे गाव वगळते. प्रयोग कमी झाले की भाड्याचे उत्पन्न घटते, उत्पन्न घटले की दुरुस्ती लांबते आणि दुरुस्ती लांबली की प्रयोग आणखी कमी होतात. या चक्रात महाराष्ट्रातील अनेक नगरपालिकांची नाट्यगृहे सापडली आहेत. संत एकनाथ रंगमंदिरही गेल्या दशकात दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद राहिले. त्यातच मार्च २०२० पासून महासाथीमुळे राज्यभरातील रंगमंदिरांचे पडदे मिटले. नूतनीकरणानंतर रंगमंदिर पुन्हा सुरू झाले, तेव्हा रसिकांनी सुटकेचा श्वास सोडला.

या बंद काळाची झळ कोणास लागली? नामवंत नटांस फारशी नाही. त्यांचे प्रयोग अन्य शहरांत होत राहिले. झळ लागली ती हौशी संस्थांना. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी ज्या केंद्रांवर होते त्यांत हे शहर आहे. तालमीस जागा नाही, खासगी सभागृहाचे भाडे परवडत नाही, अशा स्थितीत नवीन मुलांनी उभे राहावे कोठे? आणि झळ लागली ती मध्यंतरात बटाटेवडा आणि चहा देणाऱ्या उपाहारगृहाच्या चालकास, बाहेरच्या भेळवाल्यास, सायकल व मोटारी सांभाळणाऱ्यास आणि प्रयोगानंतर रात्री बारा वाजता नटमंडळींना गरम जेवण वाढणाऱ्या भोजनालयास. पडदा पडला की त्या रस्त्यावरील चुलीही विझतात. अंदाजपत्रकात नाट्यगृहाची दुरुस्ती हा खर्च म्हणून दाखविला जातो. त्याभोवती फिरणारी ही उलाढाल मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही.

या बाबतीत दूरच्या एका शहराचा अनुभव उद्बोधक आहे. मेक्सिकोतील ग्वानाह्वातो हे चांदीच्या खाणींमुळे भरभराटीस आलेले आणि खाणींबरोबरच ओसरलेले जुने शहर. १९५३ साली तेथील विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी, प्राध्यापक एन्रिके रुएलास यांच्या मार्गदर्शनाखाली, स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस याच्या छोट्या प्रहसनांचे प्रयोग शहरातील एका चौकात उघड्यावर सुरू केले. नेपथ्य म्हणजे चौकातील जुनी घरे आणि चर्चची भिंत. त्यातूनच १९७२ साली आंतरराष्ट्रीय महोत्सव उभा राहिला आणि तो आजही दरवर्षी भरतो. १९८८ साली ते शहर जागतिक वारसा यादीत आले. १९०३ साली उघडलेले तेथील हुआरेस नाट्यगृह, त्यासमोरील झाडांची बाग आणि बागेभोवतीची उपाहारगृहे ही सारी हाकेच्या अंतरावर आहेत. नाटक संपल्यावर प्रेक्षक वाहन शोधत नाही. तो समोरच जेवावयास बसतो. विद्यापीठाचा नाट्यविभाग, जुन्या वास्तू आणि खाण्याच्या गल्ल्या या तिन्ही गोष्टी मराठवाड्याच्या या राजधानीतही आहेत. त्या परस्परांपासून दूर पडल्या आहेत, एवढाच फरक.

सोनेरी महाल आणि देवगिरीचा वारसा

असा मेळ घालण्याचे प्रयत्न येथे झाले नाहीत असे नाही. वेरूळ-अजिंठा महोत्सव हा त्यांपैकी सर्वांत मोठा. आरंभी तो वेरूळ येथे कैलास लेण्याच्या पार्श्वभूमीवर होत असे. पुढे तो विद्यापीठाजवळील सोनेरी महालाच्या प्रांगणात आला. बुंदेलखंडातील सरदार पहाडसिंग याने सतराव्या शतकाच्या मध्यास बांधविलेल्या या महालात आता राज्य शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे. मागे डोंगर, पुढे मोकळे पटांगण आणि मध्ये दगडी कमानींवर पडलेला प्रकाश, अशी ही जागा शास्त्रीय संगीतास व नृत्यास अत्यंत अनुकूल आहे. दुर्दैवाने २०१६ नंतर या महोत्सवात खंड पडला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो पुन्हा भरला, तेव्हा पटांगण भरून वाहिले. महोत्सव खंडित झाला की कलावंत दुसऱ्या निमंत्रणावर जातो. परंतु पर्यटक-मार्गदर्शक, हिमरू विणकर आणि खाद्यपदार्थांची दालने मांडणारे महिला बचत गट यांना दुसरे निमंत्रण नसते. तारखा वर्षभर आधी जाहीर झाल्या तर बाहेरचा प्रवासी त्याप्रमाणे आपला बेत ठरवू शकतो, ही गोष्ट वरकरणी किरकोळ, पण परिणामाने मोठी आहे.

दुसरा प्रयत्न आकाराने लहान असूनही सातत्यामुळे लक्षणीय ठरला आहे. महात्मा गांधी मिशनच्या परिसरात १९९६ पासून 'महागामी' हे नृत्याचे गुरुकुल पार्वती दत्ता यांच्या मार्गदर्शनाखाली कथ्थक आणि ओडिसीचे शिक्षण देत आहे. तेथे भरणाऱ्या समारोहास शार्ङ्गदेवाचे नाव दिले आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, राजा सिंघणाच्या, आश्रयास असताना शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही संगीतपद्धती ज्यास प्रमाण मानतात असा हा ग्रंथ शहरापासून अवघ्या १५ किलोमीटरवरील किल्ल्याच्या छायेत लिहिला गेला, हे मराठवाड्यातील किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

सहलीस येणाऱ्यांसाठी

अजिंठा लेणी सोमवारी आणि वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात. अनेक सहली हे न जाणता येतात आणि दाराशी येऊन परततात. नियोजन करणाऱ्या शिक्षकांनी हाच दिवस शहरासाठी राखून ठेवला तर अडचणीचे रूपांतर सोयीत होईल. सकाळी भडकल दरवाजा आणि पाणचक्की, दुपारी सोनेरी महालातील संग्रहालय, उन्हे उतरल्यावर बीबी का मकबरा, आणि संध्याकाळी नाट्यगृहात बालनाट्याचा किंवा स्पर्धेतील प्रयोग असल्यास तो, असा क्रम सहज बसतो. नाट्यगृहातील कार्यक्रम आधी चौकशी करूनच ठरवावेत. मोठ्या सहलीच्या जेवणाची सूचना भोजनालयास आदल्या दिवशी दिली तर ताजे व पोटभर जेवण मिळते. ऐनवेळी ६० मुले दाराशी उभी केली की आचाऱ्याचाही नाइलाज होतो.

पिण्याच्या पाण्याची खातरजमा मात्र स्वतः करावी. मलिक अंबरच्या नहरीचे शहर आज जायकवाडीच्या पाण्यावर जगते आणि नळास काही दिवसांआड पाणी येण्याची सवय नागरिकांना गेली अनेक वर्षे करून घ्यावी लागली. भोजनालयांना त्यामुळे टँकरचा आधार घ्यावा लागतो. जायकवाडीवरून नवीन जलवाहिनी टाकण्याची मोठी योजना हाती घेण्यात आली ती याच कारणासाठी. खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान हातगाडीवाल्यासही २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यान्वये नोंदणी आवश्यक आहे आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याच्या उपजीविकेस संरक्षणही दिले आहे. नोंदणीचा आग्रह धरताना संरक्षणाची बाजू विसरली जाते, असा या व्यावसायिकांचा अनुभव आहे. विक्रीची निश्चित जागा, पाण्याचा नळ आणि कचऱ्याची सोय या तीन गोष्टी मिळाल्या तर स्वच्छतेच्या निम्म्या तक्रारी आपोआप मिटतील. तालुक्याच्या व बाजाराच्या गावांतील पंचायत सदस्यांनीही आठवडी बाजाराची आखणी करताना हा विचार अवश्य करावा.

देवगिरीचा किल्ला पाहून उतरताना पायथ्याशी हंगामात सीताफळांच्या आणि पेरूंच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाया दिसतात. तेथून संध्याकाळच्या बसने शहरात पोहोचण्यास अर्धा-पाऊण तास लागतो. नाटकाची वेळ बहुधा रात्री नवाची असते. म्हणजे औरंगपुऱ्यात उतरून, भाकरी-पिठले खाऊन, तिसऱ्या घंटेपूर्वी जागेवर जाऊन बसण्यास पुरेसा अवकाश असतो.